मामाच्या कवळीचा फोटो

आनंदाचे फोटो बघताना माणसाचे पाय लटपटू शकतात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. आता मीच ते सांगत फिरतो आणि लोक मला चहा पाजून घरी पाठवतात.

आमच्या घराण्यात फोटो काढणारा म्हणजे मी. हे पद मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. लग्न असो, बारसं असो, मी सगळ्यांना उन्हात उभं करतो, 'जरा हसा' म्हणतो, आणि त्यांचं खरं हसू आटून ते नुसते दात दाखवायला लागले की बटण दाबतो. पंगतीत मी दिसलो की लोक तोंडातला घास घाईघाईने गिळतात. बायकोच्या मते माझ्या फोटोंत दोनच प्रकारची माणसं असतात, डोळे मिटलेली आणि वैतागलेली. तिचा स्वतःचा फोटो दोन्ही प्रकारांत मोडतो, म्हणून ती असं म्हणते.

आमची मुलगी परदेशात असते. मागच्या खेपेला तिने आजीसाठी एक चौकट आणली. दिसायला साधी, भिंतीवरच्या फोटोला असते तशी, पण आत पडदा. आम्ही घरातल्या कुणीही आपापल्या फोनवरून फोटो पाठवला की तो त्या चौकटीत जाऊन बसतो, आणि मग सगळे फोटो आपोआप, काही क्रम न पाळता, एकामागून एक येत राहतात. कधी नातीचं बारसं, त्यानंतर लगेच माझी मुंडावळ्या बांधलेली छबी, मग कुणाची तरी नवी गाडी.

ती चौकट गेली धायरीला. आई तिथे माझ्या धाकट्या भावाकडे असते. भाऊ आणि भावजय दोघंही नोकरीवाले. सकाळी ते गेले की संध्याकाळपर्यंत आई, तिची आरामखुर्ची आणि समोरच्या टेबलावर ही चौकट. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावतात. आईने टीव्ही बघणं सोडलं. "टीव्हीतली माणसं रडतात फार," म्हणाली. "ही निदान हसत तरी येतात." आणि मग प्रत्येकावर तिचा शेरा असायचा. "ह्या लग्नात जेवण बरं होतं, माणसं बरी नव्हती." "हिने माझी पैठणी नेसलीय, परत दिली का विचार." मी कोथरूडहून रविवारी जायचो, तेव्हा आठवड्याचे सगळे शेरे मला साठवलेले मिळायचे.

आता मामा. माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आई मूळची पुण्याजवळच्या मांजरी गावची. तिकडे उसाची शेती होती, आता निम्म्या उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात, उरलेल्या निम्म्यात मामा उभा असायचा. मामाला दात नव्हते. बरेच गेले होते, जे होते ते एकमेकांशी बोलत नसावेत इतके लांब होते. आई त्याच्या मागे लागली होती, कवळी बसव म्हणून. वर्षानुवर्षं. भाऊबीजेला तो यायचा, ती ओवाळायची आणि तबक खाली ठेवता ठेवता म्हणायची, "ओवाळणी नको मला. कवळी बसव." तो म्हणायचा, "आक्का, उसाच्या रानात जन्मलो. आपल्या दातानं ऊस सोलला. आता दुसऱ्याचे दात घालून काय खाऊ, वरणभात?" आणि मोकळ्या तोंडाने हसायचा. आई त्याच्यासाठी दरवर्षी वेगळ्या मऊ करंज्या करायची आणि त्या त्याच्या पुढ्यात आपटायची.

यंदा पावसाळा सरता सरता आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असतानाच मामा गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. आईच्या छातीवर ताजे टाके. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काही सांगू नका, धक्का सोसायचा नाही. मांजरीला मामाला पोचवून आम्ही परतलो, अंघोळी केल्या आणि कपडे बदलून तिच्या खाटेशी जाऊन बसलो. सगळ्या नातेवाइकांना बजावलं. सगळ्यांनी पाळलंही. आमच्या नातेवाइकांनी एकमताने पाळलेली ही पहिलीच गोष्ट.

घरी आल्यावर आई विचारायला लागली. तो बघायला का आला नाही? फोन का उचलत नाही? भाऊ आणि भावजय पाणी आणायला आत जायचे. मी उरायचो. आणि मला तर गोष्ट सांगायची असली की थांबता येत नाही. पहिल्यांदा मी मामाचा फोन पाटाच्या पाण्यात पाडला. मग मामाचा घसा बसवला. तिसऱ्या रविवारी दुसरं काही सुचेना, म्हणून घाबरून बोलून गेलो, "आई, मामाने कवळी बसवलीय. वरची, खालची, दोन्ही. हिरड्या सुजल्यात, महिनाभर बोलायचं नाही असं सांगितलंय."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, छातीला उशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ऐकलं म्हणजे शेवटी माझं!"

तिथे मी थांबायला हवं होतं. पण समोरचा माणूस हसतोय म्हटल्यावर मी कधी थांबलोय? पुढच्या रविवारी मामा कवळी घालून रानात गेला, ऊस चावला आणि कवळी उसातच राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी ती कवळी त्याने देवघरात वाटीत ठेवली आणि मामीने चुकून तिला हळदकुंकू वाहिलं. आईने या गोष्टी काकूंना सांगितल्या, फोनवरून मैत्रिणींना सांगितल्या. तिची तब्येत सुधारत होती. आणि मी दर रविवारी घरी जाताना स्कूटरवर थंड पडत होतो. हिला आता सांगायचं म्हणजे हिचा भाऊ एकदा मारायचा आणि त्यावर कवळीसुद्धा मारायची.

दिवाळी जवळ आली. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही, पण शांतपणे, जवळ बसून, घरच्याच माणसाने. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, मी, भाऊ आणि भावजय. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी एकटाच का?" मी म्हणालो.

"कवळी तूच बसवलीस," भाऊ म्हणाला. "आता तूच काढ."

मी रविवारी सांगतो म्हणालो. रविवारी गेलो, चहा प्यायलो, पावसाबद्दल बोललो आणि परत आलो. मला तिची भीती वाटत होती असं नाही. म्हणजे तशी लहानपणापासून वाटतेच. पण ही वेगळी होती. तिच्या चेहऱ्यावर ते कळतानाचा जो क्षण येणार, तो बघायला मी तिथे असणार, याची भीती. छातीतली ती नवी शिवण माझ्या एका वाक्याने उसवली तर? आणि भाऊबीज आठवड्यावर आलेली. तबक तयार करून ती दाराकडे बघत बसणार, हे मला डोळे मिटले की दिसायचं.

मग मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचली की बायको पर्स उचलून शेजारी जाते, पण त्या दिवशी तिला वेळ मिळाला नाही. मी म्हणालो, आधी आईला मामाचे आनंदातले फोटो पाठवायचे. भरपूर. दोनतीन दिवस तिला त्याला पोटभर बघू दे. मन जरा मऊ झालं की मग जाऊन सांगायचं.

"म्हणजे इंजेक्शनच्या आधी स्पिरिटचा बोळा," बायको म्हणाली.

"तू काहीही म्हण."

"मी काही म्हणत नाही. बोळा तुम्ही कितीही फिरवलात तरी सुई तुम्हालाच टोचायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. फोनमध्ये एक सोय असते. एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याचे सगळे फोटो फोन आपोआप एका जागी काढून देतो. मी मामाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मामा धावत आला. लग्नातला मामा, बैलपोळ्याचा मामा, माझ्या मुलीला खांद्यावर घेतलेला मामा. एकेक निवडत बसायचा कंटाळा आला. सगळे निवडा, असं लिहिलेलं होतं. दाबलं. पाठवले. आणि कर्तबगार मुलासारखा चहा ठेवला.

चहा पिता पिता मी माझा आवडता फोटो शोधला. मामा बांधावर उभा आहे, हातात उसाचं कांडं, मागे संध्याकाळचं ऊन, तोंड उघडं आणि त्यात एकही दात नाही असं ते हसू. माझ्या आयुष्यातला एकमेव बरा फोटो. डोळे उघडे, माणूस वैतागलेला नाही. आणि त्याच्याच शेजारी तोच फोटो पुन्हा होता.

पण त्याला हार होता.

इथे मला थोडं मागे जाऊन स्वतःची लाज काढावी लागते. मामाच्या तेराव्याला मामेभावाने माझाच हा फोटो मोठा करून, चौकट करून खुर्चीवर ठेवला होता. झेंडूचा हार, पुढे समई, उदबत्ती. येणारा प्रत्येक जण हात जोडायचा आणि म्हणायचा, "फोटो काय जिवंत आलाय!" कुणी काढला, असं एकानेही विचारलं नाही. दोनतीनदा मी फोटोच्या अगदी बाजूला जाऊन उभाही राहिलो. तरी नाही. तेव्हा सगळे जेवायला बसले असताना मी हळूच फोन काढला आणि माझ्या फोटोचा फोटो काढून ठेवला. आठवण म्हणून, असं मी बायकोला सांगितलं.

फोनला हार कळत नाही. त्याने हाराच्या वरचं तोंड बघितलं आणि म्हणाला, हा तोच. आणि मी त्याला धायरीला पाठवून दिलं होतं.

कप मी कुठे ठेवला आठवत नाही. आधी तो फोटो माझ्या फोनमधून पुसला. पुसताना मुलीचं बोलणं आठवलं. चौकट टेबलावर लावून देताना ती कौतुकाने म्हणाली होती, "बाबा, तुमच्याकडून चुकून पुसला ना, तरी आजीकडे राहतो. किती छान!" तिला फोन लावला. तिकडे रात्र. वाजून वाजून बंद झाला. भावाला लावला, तो मीटिंगमध्ये. शेवटी आईला लावला.

"आई, काय करतेस?"

"फोटो बघतेय. आज सगळं मांजरीच आलंय. तू पाठवलेस का?"

तिचा आवाज आनंदी होता. म्हणजे अजून आला नव्हता. "आई, ती चौकट जरा बंद कर."

"का?"

"गरम होते."

"टीव्हीसुद्धा गरम होतो. तो कधी बंद कर म्हणालास?"

"अगं, सारखी चालू ठेवली तर बिघडेल."

"बिघडली तर तू नको दुरुस्त करूस. मागे तू दुरुस्त केलीस तेव्हा आठवडाभर सगळी माणसं डोक्यावर उभी होती."

"बरं, निदान आत जाऊन जरा पड."

"आत्ताच उठलेय. तुला बरं नाही का?"

भिंतीवरचं बटण टेबलाच्या मागे, खाली. तिला वाकायची बंदी. तिने वाकून बटण शोधलं असतं तर तेही माझ्याच डोक्यावर बसलं असतं. मी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागलो. बायकोला दोन वाक्यांत सांगितलं. स्कूटरची किल्ली तिनेच माझ्या हातात दिली आणि दारातून म्हणाली, "अहो, हेल्मेट घाला. घरात एकच हार पुरे."

कोथरूडहून धायरी म्हणजे काही परगाव नाही. पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझीच वाट बघत थांबला होता. सिंहगड रोडला लागेपर्यंत माझ्या बनियनची घडी पाठीला चिकटली होती. डोक्यात एकच चित्र. टेबलावरची चौकट, त्यात हार घातलेला मामा हसतोय, आणि समोरची खुर्ची. खुर्चीत काय दिसतंय ते मी बघत नव्हतो. तिला हे कळणार ते एका यंत्राकडून. जवळ कुणी नाही, पाणी द्यायला नाही, हात धरायला नाही. डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, शांतपणे, जवळ बसून, घरच्या माणसाने, आणि मी तिन्ही गोष्टींची व्यवस्था लावून टाकली होती.

पुलाच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या. स्कूटर बाजूला घेऊन आईला फोन लावला. वाजला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती दुसऱ्या घंटेला उचलते, फोन मांडीवरच असतो तिच्या. तिसऱ्यांदा लावला. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला एवढा मोठा ऐकू येत होता की बाकी पुणं गप्प झाल्यासारखं वाटलं. मागचा माणूस ओरडला, "काका, घरी जाऊन बोला की!" मी मनात म्हटलं, बाबा रे, तेच तर करतोय.

भावाच्या इमारतीत लिफ्ट वर अडकलेली. जिना चढलो. बेल दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. दाराला कान लावला. आत काहीही वाजत नव्हतं. त्या दारापाशी मी देवाला जे जे कबूल केलं त्यातलं एकही इथे लिहीत नाही, कारण पुरं केलेलं नाही.

"आले, आले! बेल काढून नेणार आहेस का?"

आई दारात उभी. हातात चिमटा.

"फोन का उचलला नाहीस?"

"दूध उतू जात होतं. दूध सोडून फोन उचलू? आणि तू असा घामाघूम कशाने? चालत आलास?"

मी तिला ओलांडून आत गेलो. चौकट चालू होती. त्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मी खुर्ची ओढून चौकटीसमोर बसलो.

आई चहा घेऊन आली, शेजारी बसली. आणि मग आम्ही दोघांनी मिळून फोटो बघितले. ती आनंदात, मी भीतीत. एक फोटो जायचा, पडदा पळभर काळा व्हायचा आणि त्या काळ्यात माझं काळीज थांबायचं. मग यायची माझी मुलगी, नाक पुसताना. मी सुटकेने हसायचो. आई म्हणायची, "यात हसण्यासारखं काय आहे? सर्दी झाली होती पोरीला." पुन्हा काळं. मग मामा, बैलांबरोबर. नुसता मामा. बिनहाराचा. माझ्या आयुष्यात मी मामाच्या गळ्याकडे इतकं कधी बघितलं नव्हतं.

मी पाय लांब केल्यासारखं केलं आणि पायाने वायर ओढली. पिन भिंतीतून निघाली. चौकट चालूच. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र आलं.

"लाइट गेल्यावरही चालते," आई म्हणाली. "नातीने विचार करून आणलीय."

मग मी उठून चौकटीसमोर उभा राहिलो, खिडकीबाहेर काहीतरी बघतोय असं दाखवत.

"बाजूला हो. काचेचा नाहीस तू."

मी बाजूला झालो. पडदा काळा होऊन उजळला. मामा होता. मी डोळे मिटले.

"हा भाऊबीजेचा," आई म्हणाली. "तबकात हात घालतोय बघ. ओवाळायच्या आधीच करंजी उचलली." मी डोळे उघडले. मामा खरंच करंजी उचलत होता, तोंड मोकळं सोडून. "पण हे सगळे जुनेच आहेत रे. कवळीचा फोटो कुठंय?"

"कसला?"

"कवळी लावलेला. एवढे फोटो पाठवलेस आणि तोच नाही. मला बघायचाय कसा दिसतो ते. लाव बरं त्याला फोन. आता महिना होऊन गेला, बोलत असेल."

"आई, तो आत्ता रानात..."

"रानातही फोन लागतो. आणि हे बघ." ती उठली, आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. तिने झाकण काढलं. चकल्या होत्या. "सूनबाईला म्हटलं, पहिला घाणा माझ्या भावासाठी बाजूला काढ. यंदा मऊ करंज्या नाहीत. चांगल्या कडक चकल्या. कुरकुरीत. आवाज आला पाहिजे चावताना, सगळ्या घराला ऐकू गेला पाहिजे."

मी डब्याकडे बघत राहिलो. पाठीमागे पडदा बदलल्याचा उजेड भिंतीवर हलला. मी वळून बघितलं नाही. आता वळून बघायची हिंमत नव्हती, आणि तो आला असेल तर आई डबा खाली ठेवून वर बघणार, एवढाच वेळ माझ्याकडे होता.

मी तिच्या खुर्चीपुढे खाली बसलो. तिच्या हातातून डबा घेतला. कवळीची गोष्ट सांगताना मला एक शब्द शोधावा लागला नव्हता.

"आई. मामा नाही आता."

"नाही म्हणजे? कुठं गेलाय?"

मी तिचा हात धरला. खरं म्हणजे नाडी शोधत होतो, आणि नाडी कुठे असते ते मला ठाऊक नाही, म्हणून नुसतं मनगट घट्ट धरून बसलो.

"कधी?" ती म्हणाली.

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा. झोपेत गेला. काही त्रास झाला नाही."

तिच्या पातळाचा पदर छातीवर वरखाली होत होता. मी त्या पदराकडे बघत होतो. वर जायचा, आणि खाली येईपर्यंत मी श्वास धरायचो. मग पुन्हा वर. किती वेळ, सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचं ते मेलं संगीत वाजत होतं.

"पाणी दे," ती म्हणाली.

दिलं. अर्धं प्यायली. भांडं परत माझ्या हातात देताना थांबली.

"मग ती कवळी?"

मी मान खाली घातली.

"बसवलीच नाही त्यानं?"

"नाही. मी रचून सांगितलं."

"उसात अडकली, तेही?"

"तेही."

भांडं तिने माझ्या हातात सोडलं. मग म्हणाली, "तरीच. मला वाटलं, ह्यानं ऐकलं कसं? कवा ऐकलंय त्यानं कुनाचं?" शेवटचे शब्द मांजरीच्या बोलीत आले, पुण्यात येऊन तिने जी सोडली होती त्या बोलीत. "मला न सांगता गेला. आन् तुमी बी न सांगता पोचवून आलात." आणि मग ती रडली. मोठ्याने नाही. तोंडावर पदर धरून. मी तसाच खाली बसलेला. मला मारायचं असतं तर माझं डोकं तिच्या हाताच्या अगदी टप्प्यात होतं. तिने ते डोकं धरलं फक्त, जरा जोरात.

पडदा काळा झाला आणि उजळला. या वेळी मी बघितलं.

तो होता. बांधावर, हातात कांडं, गळ्यात झेंडूचा हार.

मी उठायला गेलो. आईने माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही, त्यामुळे उठता आलं नाही. ती पुढे वाकली. पदराने डोळे पुसले आणि नीट बघितलं.

"ते बघ," ती म्हणाली. "कुठाय कवळी."

"नाही."

"फोटो कुणी काढला हा?"

तेराव्याला दिवसभर ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो, तो शेवटी कुणीतरी विचारला होता.

"मी."

"बरा आलाय. हार तेवढा वर गेलाय. हनुवटी झाकली. जरा खाली ओढायचा होतास."

"हो."

"थांबव. हाच राहू दे."

थांबवायचं कसं ते मला कुठे माहीत होतं? मी चौकटीच्या कडेला एक बटण दाबलं. मामा गेला आणि त्या जागी मी आलो. कुणाच्या तरी लग्नात, डोळे मिटलेले, तोंडात अर्धी जिलबी.

"हा कशाला आला मध्येच?" आई म्हणाली. "मागे घे."

मी दुसरं बटण दाबलं. कुणाची तरी नवी गाडी आली. मग बारसं आलं. मग चुलत बहीण. मी दाबत राहिलो, तो मागे काही येईना.

"राहू दे. हात लावू नकोस आता," ती म्हणाली. "बस इथं."

मी वायर परत भिंतीत लावली आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली. संध्याकाळी माझ्या बायकोकडून कळून भाऊ आणि भावजय धावत जिना चढून आले, तेव्हा चकलीचा डबा मध्ये ठेवून आम्ही दोघं तो पुन्हा कधी येतो त्याची वाट बघत बसलो होतो.